भीतीच्या भिंतीमागे

आमच्या मुदखेडातला एक पोरगा जुन्या रहस्यपटांनी झपाटलेला आहे. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी (स्थापना १९९६) पाहून आला, तेव्हा त्याने विचारले, “काका, तिथली घरे नुसत्या दर्शनी भिंतींची! मग पडद्यावर भीती का वाटते?”

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. भीती भिंतीत नसते; ती प्रेक्षकाला आधी कळलेल्या गोष्टीत असते. टेबलाखालचा बॉम्ब एकाएकी फुटला तर आपण क्षणभर दचकतो. तोच आधी दाखवला आणि माणसे निवांत गप्पा मारीत बसली, तर आपला जीव टांगणीला लागतो. हा भेद दिग्दर्शक हिचकॉक स्वतःच समजावून देत असे.

त्याच्या ‘सायको’तला (१९६०) न्हाणीघरातला खून पाऊण मिनिटाचा, चित्रण मात्र आठवडाभर चालले. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. त्यातले घर अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आजही दाखवतात. तिथली गाडीतून फिरवणारी सहल १९६४ पासूनची आहे.

पण पाऊण मिनिटासाठी आठवडाभर राबले कोण? नटांबरोबर सुतार, रंगारी, दिवेवालेही. आपल्याकडे अशा कामगारांना लेखी करार मिळावा, यासाठी संसदेला १९८१ साली कायदा करावा लागला. तोवर पुष्कळांचे पोट तोंडी शब्दावर चाले. आणि उद्या काम मिळेल की नाही, हे रहस्य पडद्यावरच्याहून भयंकर!

त्या पोराला आम्ही एवढेच सांगितले : “बाबा, हौस सोडू नकोस. भिंत पुढून डोळे भरून पाहा. मग मागे जाऊन ती उभारणाऱ्याला त्याची रोजी विचार.”