काळी पाच, रूपक ताल आणि घरचं रेकॉर्डिंग

डोंबिवलीतल्या माझ्या गाण्याच्या वर्गात हल्ली रागांपेक्षा एक वेगळाच प्रश्न जास्त येतो. "ताई, घरी गाणं रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" कुणाला ऑनलाइन स्पर्धेसाठी भावगीत पाठवायचं असतं, कुणाला भाचीच्या लग्नातली मंगलाष्टकं, कुणाला यूट्यूबवर अभंग टाकायचा असतो. मी एखादं नाव सांगून मोकळी होईन, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी मात्र उलटे तीन प्रश्न विचारते. नुसत्या तंबोऱ्यावर गाणार की तबला-पेटीच्या ट्रॅकवर? काँप्युटर कुठला आहे? आणि हेडफोन तारेचा आहे ना?

पहिल्या दोन उत्तरांत निवड उरकते. नुसता तंबोरा असेल, किंवा स्तोत्र, ओवी, कथावाचन असेल, तर ऑडॅसिटी पुरते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर पूर्णपणे फुकट आहे. लाल बटण दाबायचं आणि गायचं, इतकं ते सरळ आहे. तयार ट्रॅकवर गाताना मात्र त्यात आवाज ठेक्याच्या किंचित मागे-पुढे बसू शकतो. प्रेफरन्सेसमध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ नावाचा आकडा असतो, तो आपल्या मशीनप्रमाणे एकदा जुळवून घ्यावा लागतो.

घरी मॅक किंवा आयफोन असेल तर ॲपलचं गॅरेजबँड आहे. ते २००४ पासून आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोजवाल्यांना मी रीपर सुचवते. एमपी-थ्रीच्या काळात आपण सगळे ज्या विनॅम्पवर गाणी ऐकायचो, ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. जुन्या, थकलेल्या लॅपटॉपवरही ते कुरकुर करत नाही. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असतं हे खरं, पण तेवढ्यासाठी घरी ते घेण्याचं काही कारण नाही.

या सगळ्यांत मूळ सोय एकच. तंबोरा एका ट्रॅकवर, तबला दुसऱ्यावर, पेटी तिसऱ्यावर आणि आवाज चौथ्यावर. आवाज सुटा राहतो म्हणून अंतरा बिघडला तर फक्त अंतराच पुन्हा गाता येतो.

आता खरा मुद्दा. ही सॉफ्टवेअरं आपल्या गाण्याचा विचार करून बनलेली नाहीत. गॅरेजबँडमध्ये नवा प्रोजेक्ट उघडा. टेम्पो १२०, ताल ४/४, स्वर सी मेजर, असं समोर येतं. म्हणजे पांढरी एक, बिलावल थाट आणि मिनिटाला १२० मात्रा! तुम्हाला गायचंय काळी पाचमध्ये, रूपकात, सात मात्रांत. अभंग असेल तर भजनी ठेका शेवटाकडे चढत जाणार. म्हणून आधी मेट्रोनोम बंद करा आणि ‘स्नॅप’ बंद करा. स्नॅप चालू असलं की कापलेला तुकडा हलवताना तो जवळच्या मात्रेच्या रेघेला जाऊन चिकटतो. ती रेघ सॉफ्टवेअरची असते, तुमच्या तबलजीची नसते.

रीपरमध्ये आणखी एक जागा आहे. मूळ सेटिंग तसंच ठेवून प्रोजेक्टचा टेम्पो नंतर बदललात, तर आधी भरलेला तबला आणि आवाज दोन्ही ताणले किंवा आखडले जातात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘टाइमबेस’ असतो, तिथे ‘बीट्स’ऐवजी ‘टाइम’ निवडायचं. मग टेम्पोचा आकडा काहीही असो, ध्वनी जागचा हलत नाही. सुरांचंही तसंच. तंबोऱ्याच्या ॲपमधली काळी पाच आणि घरच्या जुन्या पेटीची काळी पाच तंतोतंत जुळेलच असं नाही. पेटी वाजणार असेल तर तंबोऱ्याच्या ॲपमधला बारीक सूर पेटीला मिळवा आणि मगच तंबोरा भरून घ्या.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे उशीर. माइकमधून गेलेला आवाज काँप्युटरमधून फिरून कानात येतो, त्याला वेळ लागतो. तो वेळ ‘बफर’ नावाच्या आकड्यावर ठरतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असताना बफर १०२४ असेल, तर आत जाताना सुमारे २१ मिलिसेकंद आणि बाहेर येताना तेवढेच, मिळून ४२-४३ मिलिसेकंद होतात. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरा आणि मात्रेला दोन स्वरांची तान घ्या. एकेका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. म्हणजे स्वराचा तिसरा हिस्सा सरल्यावर तो तुमच्या कानात पोचतो. तान गळ्यातच अडखळते आणि गाणारा उगाच रियाजाला दोष देतो. गाताना बफर १२८ ठेवा, उशीर एकेका दिशेला तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. गाणं संपल्यावर काटछाट करताना तो पुन्हा १०२४ करा, म्हणजे मशीनवर ताण येत नाही. माइक जोडायची पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस घेतला असेल, तर त्यावरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण दाबा. तिथे आवाज काँप्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. मात्र सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तिसरा प्रश्न हेडफोनच्या तारेचा होता तो यासाठीच. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर बफर कितीही कमी केला तरी जात नाही.

आता आवाजाची पातळी. सेटिंगमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ निवडा. एका माइकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी जागा खातं, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. माइकची पातळी ‘हॅलो, चेक’ म्हणून लावू नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण जोर लावून गा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतपत बटण फिरवा. शून्याला लागलेला आवाज फाटतो आणि फाटलेला तार षड्ज कुठल्याही बटणाने पूर्ववत होत नाही. हळू भरलेला आवाज मात्र नंतर खुशाल वाढवता येतो. विंडोजमधली ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ही बंद करा. आवाज स्वच्छ करण्यासाठी काही लॅपटॉपमध्ये असलेली ही सोय तंबोऱ्याला खरखर समजून मधूनच गिळून टाकते.

खोलीला पर्याय नाही. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींची आपली बैठकीची खोली घुमते, आणि घुमलेला आवाज सुका करणं फार अवघड असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, त्याकडे पाठ करून बसा, माइकच्या मागे दोरीवर जाड गोधडी टाका. पंखा बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, पुष्कळदा ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज तिथूनच येतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका हवा. मराठीत भ, फ, ध, घ या महाप्राण अक्षरांची रेलचेल आहे. ‘भक्ती’ म्हणताना सुटणारी हवा सरळ माइकवर आदळली की ‘भप्प’ ऐकू येतं. मधे जाळीचा पॉप फिल्टर लावला की हे थांबतं. ‘चांदणं’, ‘जाई’ यांतले दंत्य च-ज मात्र जाळीला जुमानत नाहीत. त्यांचा सीत्कार साधारण ५ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. ‘डी-एसर’ तिथेच हलक्या हाताने लावा.

रेकॉर्डिंगनंतर मी फक्त तीन गोष्टी करायला सांगते. पहिली, ‘हाय-पास’ फिल्टरने खालची घरघर काढा, पण आकडा बघून. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्‌झच्या आसपास असतो. ८० हर्ट्‌झवर कापलं तर तो शाबूत राहतो, दीडशेवर कापलं तर त्यातला भरदारपणा जातो. दुसरी, थोडासा कॉम्प्रेसर, म्हणजे हळू म्हटलेले शब्द तबल्याखाली बुडत नाहीत. तिसरी, किंचित रिव्हर्ब, म्हणजे घुमारा.

आणि ऑटोट्यून? अँडी हिल्डेब्रँड या माणसाने १९९७ मध्ये ते बाजारात आणलं. हा गृहस्थ आधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचा अभ्यास करायचा. कल्पना बुद्धिमान आहे, पण बारा सुरांच्या खणात बसवलेली. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार त्याला बेसूर वाटतो आणि तो त्याला ओढून सरळ उभा करतो. मींडेचा जिना होतो. रागदारी, नाट्यगीत, अभंग यांत ते बंदच ठेवा.

गाणं पाठवताना मूळ डब्ल्यूएव्ही फाइल स्वतःजवळ ठेवा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलच्या नावात राग, ताल, पट्टी आणि तारीख लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत.

थोडक्यात, नुसता तंबोरा असेल तर ऑडॅसिटी, मॅक असेल तर गॅरेजबँड, विंडोजवर ट्रॅकवर गायचं असेल तर रीपर. निवडीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. उरलेली संध्याकाळ बफर, पातळी आणि गोधडीवर घालवा. ऐकणाऱ्याला फरक तिथलाच कळतो, सॉफ्टवेअरचं नाव कुणीही विचारत नाही.