कॅश: जुनी प्रत कधी पुसायची?

देवनहळ्ळीच्या विमानतळावरची आंतरराष्ट्रीय उड्डाणे १२ सप्टेंबर २०२३ रोजी टर्मिनल २ वर गेली. समजा, एखाद्या वेबसाइटने आदल्या दिवशीचेच पान दाखवले, तर प्रवासी सामान घेऊन टर्मिनल १ गाठणार!

प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसला नव्याने विचारले, तर गर्दीत सर्व्हर दमतो. म्हणून तयार पानाची प्रत ठेवतात, हीच कॅश. प्रतीला मुदत द्या: पार्किंगच्या माहितीला एक दिवस, विमानांच्या वेळांना तीस सेकंद. डेटाबेसमधली नोंद बदलताच जुनी प्रत पुसा. प्रवाशाचे स्वतःचे तिकीट सामायिक कॅशमध्ये ठेवूच नका. ते दुसऱ्याला दिसेल.

सैन्यात कालचा परवलीचा शब्द आज चालत नाही. कॅशचेही तसेच.