चिखलाला एचपी कळत नाही

माणमध्ये आता हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे, मेट्रोची कारशेड आहे आणि मधल्या पट्ट्यांत भाताची खाचरंही आहेत. त्यामुळे इथल्या ट्रॅक्टरला एकाच पावसाळ्यात खाचरातला गुडघाभर चिखल, बांधकामाच्या साइटवरची लाल राड आणि ओला डांबरी रस्ता असं सगळंच भेटतं. दिवाळीनंतर उसाच्या फडातली ओली चिकण माती असतेच. ‘कुठला ट्रॅक्टर जास्त ओढतो?’ असं विचारलं की पारावर लगेच एचपीचे आकडे निघतात. चिखलात या आकड्याला फारशी किंमत नसते.

हिशेबच करून पाहू. ४५ एचपीचा ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरच्या वेगाने चालवला, तर गिअरबॉक्समधली घट वजा जाताही इंजिनाकडे तीन टनांहून जास्त ओढ असते. ती जमिनीपर्यंत पोचवायची मात्र मागच्या दोन चाकांनी. दोन टनांच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं साधारण १,३०० किलो वजन मागच्या चाकांवर येतं. कोरड्या काँक्रीटवर चाक आपल्या भाराच्या ८० टक्क्यांच्या आसपास ओढ देतं, म्हणजे हजारभर किलो. मऊ चिखलात हे प्रमाण २०-३० टक्क्यांवर येतं आणि हाती उरतात जेमतेम तीनशे-साडेतीनशे किलो. इंजिनातली बाकीची ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते.

दुसरीकडे भार वाढतो. आठ टनांची भरलेली ट्रॉली डांबरावर ओढायला दोनशे किलोच्या आसपास जोर पुरतो. तीच ट्रॉली मऊ रानात शिरली की चाकं रुततात आणि हजार-दीड हजार किलोही कमी पडतात. हिंजवडीच्या रस्त्यावर झोकात आलेला ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी बसतो, त्याचं कारण हे. पासिंगच्या वेळी कंपनीने काय लिहून दिलं होतं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालात ओढीचे आकडे असतात, पण ते काँक्रीटच्या ट्रॅकवर आणि चाकाची घसरण १५ टक्क्यांच्या आत ठेवून घेतलेले. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायला हे आकडे उत्तम, एजंटच्या शब्दापेक्षा तर कितीतरी बरे. अहवाल वाचताना जादा वजनं लावून आलेली ओढ आणि वजनांशिवाय आलेली ओढ यांतला फरक आवर्जून पाहावा.

आपल्या रानातली घसरण मोजायला संस्था लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा. मोकळा ट्रॅक्टर चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातो ते मोजा, मग नांगर जमिनीत घालून पुन्हा मोजा. मोकळ्या अंतराच्या तुलनेत जेवढे टक्के कमी भरले, तेवढी घसरण. १० ते १५ टक्के ठीक. तीसच्या पुढे गेलात तर डिझेल जाळून खड्डा खणताय.

मग वजन वाढवावं का? नांगरटीला हो. टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरलं की दोन्ही चाकांवर मिळून तीनशे किलोच्या घरात भार वाढतो आणि खर्च जवळजवळ शून्य. पण नांगरात याहून हुशार युक्ती आहे, हॅरी फर्ग्युसनची. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. नांगराच्या ओढीचाच भार हायड्रॉलिकच्या तीन सांध्यांमधून मागच्या चाकांवर यावा, अशी त्याने रचना केली. १९३९मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली आणि हलकं यंत्र जड काम करू लागलं. दोन चाकी ट्रॉलीतही थोडं असंच होतं: पुढच्या बाजूला भरलेला माल हुकवर दाब देतो. चार चाकी ट्रॉली तो भार स्वतःच पेलते, ट्रॅक्टरला काही देत नाही. कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली ओल्या फडात अडकते तेव्हा हा फरक महागात पडतो.

चिखलणीत मात्र सगळं उलटं. खाचरात खाली कठीण थर आणि वर लोण्यासारखा गाळ. जड ट्रॅक्टर तो थरच फोडतो, मग पाणी मुरतं आणि दरवर्षी चाक आणखी खोल जातं. इथे हलका ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आणि त्याला लोखंडी पिंजऱ्याची चाकं, हीच जोडी जिंकते. पिंजऱ्याच्या पट्ट्या गाळ कापून कठीण थरावर टेकतात आणि पसरट असल्याने बुडतही नाहीत. मुळशी-मावळातल्या वीतभर खाचरांत पन्नास एचपीचं धूड उतरवणं मला तरी निव्वळ हौस वाटते. बांध फुटतात ते वेगळंच.

फोर-व्हील ड्राइव्हचा फायदा मात्र खरा आहे. पुढच्या चाकांवरचं वजनही ओढीला लागतं आणि ती मागच्या चाकांसाठी वाट दाबून देतात. पण पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात, म्हणून डांबरावर लिव्हर काढली नाही तर पुढचे टायर झिजून जातात. वर्षातले दहा महिने पाण्याचा टँकर ओढायचा असेल, तर ते जादा पैसे चांगल्या टायरवर घालवावेत. टायर उलटा बसवला नाही ना, तेही पाहावं. नक्षीचं टोक आधी जमिनीला लागलं तरच चिखल बाजूला फेकला जातो, नाहीतर खाचांत गोळा बसतो आणि चाक गुळगुळीत होतं.

एकच चाक फिरतंय असं दिसलं तर आधी क्लच दाबून ते थांबवा, मगच डिफरन्शियल लॉक लावा. फिरत्या चाकावर लॉक मारला तर आतले दाते तुटू शकतात. लॉक लावून वळायचंही नाही. तरीही निघत नसेल तर पाचट किंवा मुरूम टाकून, आल्या वाटेने रिव्हर्समध्ये काढायचा प्रयत्न करावा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं झालं तर ओढणाऱ्याने साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती ॲक्सलच्या वर, टॉप लिंकच्या जागी अडकवली तर पुढचं तोंड उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत.