एका पैची चूक

पैठणच्या नाथांची ती आख्यायिका आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. देवगिरीस जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्याजवळ वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. कारण त्याच्या हिशेबातील पै रुग्णाच्या शरीरात जाते.

१२ किलो वजनाच्या तापलेल्या बालकाला किलोमागे १५ मिलीग्रॅम या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावयाचे, म्हणजे १८० मिलीग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलीग्रॅम असलेल्या बाटलीतून ते ७.२ मिलिलिटर भरते; २५० मिलीग्रॅमच्या बाटलीतून अवघे ३.६. बाटलीवरचा आकडा वाचला नाही, तर मात्रा दुप्पट होते. इन्सुलिनचेही तसेच. मिलिलिटरला ४० युनिटांच्या औषधासाठी लाल टोपणाची सिरिंज, तर १०० युनिटांसाठी नारिंगी टोपणाची. १०० युनिटांचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला ५० युनिटे जातात.

हे गणित कठीण आहे काय? मुळीच नाही, ते शाळेतलेच त्रैराशिक आहे. परंतु जनरल नर्सिंगच्या पदविकेला कला शाखेचेही विद्यार्थी येतात, आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशालाही गणिताची अट नाही. दहावीनंतर सुटलेले गणित अनेकांना पुन्हा भेटते ते औषधाच्या कुपीवर. फळ्यावरच्या चार उदाहरणांनी ही तूट भरून निघणार नाही.

येथे संगणकाचा खरा उपयोग आहे. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर मेरिअन बिट्झर यांनी १९६० च्या दशकातच परिचर्येचे पाठ दिले होते. संगणक आकडे बदलून शंभर उदाहरणे घालतो, कंटाळत नाही, चारचौघांत हसे करीत नाही. मुख्य म्हणजे त्याच्यापुढे चुकल्याने कोणी दगावत नाही.

मात्र ‘उत्तर चूक’ एवढेच सांगणारा संगणक काय कामाचा? पै नेमकी कोठे हरवली हे त्याने दाखविले पाहिजे. ग्रॅमचे मिलीग्रॅम करताना, दशांशचिन्ह मांडताना, की बाटलीवरचा आकडा वाचताना? चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवण्याची सवय लावणारे पाठ तर नकोतच. वॉर्डात पर्याय कोणी देत नाही. हे पाठ मराठीतही हवेत, आणि पडद्यावरच्या उत्तरानंतर तेवढेच पाणी विद्यार्थ्याने स्वहस्ते सिरिंजमध्ये ओढून शिक्षकांना दाखवावे.

नाथांना चूक शोधावयास एक रात्र मिळाली होती. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला ती मिळत नाही. ती तिला शिक्षणाच्या वर्षांतच मिळावयास हवी.