बाप्पाची फाइल

मंडप दहा दिवसांचा, कागदपत्रं मात्र दीड-दोन महिन्यांची. आणि तोच मंडप पक्का करून मंदिर बांधायचं ठरलं तर? सातपाटीच्या गल्लीत उभं राहून मांडलेला परवानग्यांचा हा हिशेब.

लॅपटॉपवर दोन विंडो उघड्या. एकीत सोमवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन, दुसरीत हाताने काढून स्कॅन केलेला मंडपाचा नकाशा. बॉस मागून आला की पहिली विंडो पुढे, बॉस गेला की दुसरी! श्रावण लागला की अंधेरी, गोरेगाव, बीकेसीतल्या कितीतरी डेस्कवर हाच सीन असतो. कारण गावच्या मंडळाचा सेक्रेटरी आता ऑफिसात बसतो. ढोल वाजवणारे, मखर सजवणारे, आरतीला खणखणीत आवाज लावणारे पुष्कळ. पण ‘अरे, तो फॉर्म कोण भरणार?’ म्हटलं की सगळ्या माना कम्प्युटरवाल्या पोराकडे वळतात. तुम्हीच ना ते? मग हा लेख तुमच्यासाठी.

माझा असाच एक मित्र सातपाटीचा. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि पालघर, बोईसरच्या नोकरदारांचं आयुष्य टाइमटेबलला बांधलं गेलं, त्यातलाच तो एक. ‘परवानगी म्हणजे काय प्रकरण असतं ते एकदा येऊन बघ’, असं तो दर वर्षी म्हणायचा. यंदा गेले. पालघर स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर, शेवटी खारा वारा आणि मासळीचा वास. २०२३मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्या पापलेटसाठी ज्या गावाचं नाव घेतलं जातं, ते हे गाव.

आता या गावाचं कॅलेंडर बघा. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. बोटी पाण्यात जातात, मासळी येऊ लागते, बर्फाच्या आणि मासळीच्या गाड्यांची ये-जा वाढते. आणि नेमके त्याच सुमाराला गणपती येतात! कोळीवाड्याच्या गल्ल्या चारचाकीसाठी आखलेल्याच नाहीत. घराला घर लागून, मधे चिंचोळी वाट. जाळी दुरुस्त करायची तिथेच, गप्पा मारायच्या तिथेच, आणि मंडपही घालायचा तिथेच. मग फाइलमधला पहिला प्रश्न आपोआपच येतो : वाट कोणाची?

रस्ता ज्याचा, कागद त्याचा

मित्राच्या वडिलांना हा सगळा कारभारच विचित्र वाटतो. ‘अगं पोरी, आमच्या वेळेला सरपंचाच्या कानावर घातलं की झालं. चार बांबू नि एक ताडपत्री. त्याला कसली फाइल?’ ‘काका, आता ताडपत्रीचं डेकोरेशन झालंय, पेट्रोमॅक्सचं लायटिंग झालंय’, मी म्हटलं. काका हसले, पण पटलं नव्हतं.

खरं तर यात फार मोठं रॉकेट सायन्स नाही. एक सूत्र लक्षात ठेवायचं : ज्याची जागा, त्याची ना-हरकत. मुंबई-ठाण्यात महापालिकेचा वॉर्ड, पालघरात नगरपरिषद, सातपाटीत ग्रामपंचायत. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्यांचं पत्र. बोईसरला औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या जागेवर नवरात्राचा गरबा ठेवायचा असेल, तर तिथे एमआयडीसीला विचारावं लागतं. खासगी अंगण असेल तर मालकाचं संमतिपत्र.

जागा मिळाली की पोलीस. सातपाटीसाठी सातपाटी सागरी पोलीस ठाणं. लाउडस्पीकर आणि मिरवणूक, दोन्ही त्यांच्या कक्षेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि ते सरळ सांगतात : रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२पर्यंत वाढवू शकतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. मिक्सरचा आवाजसुद्धा ५५ डेसिबलच्या पुढे जातो, तेव्हा डीजेचं काय ते तुम्हीच ठरवा!

तिसरी खिडकी महावितरणची. आकडा टाकून रोषणाई करायचे दिवस गेले, जायलाच हवेत. पावसात भिजलेला लोखंडी सांगाडा आणि उघडी वायर ही जोडी जीव घेते. मंडळांना सवलतीच्या दरात तात्पुरती जोडणी मिळते. ती घ्यायची, अर्थिंग तपासून घ्यायचं.

चौथी खिडकी बहुतेक जण विसरतात ती म्हणजे धर्मादाय आयुक्तालय. मंडळ रजिस्टर्ड ट्रस्ट नसेल आणि वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी लागते. ती संपली की हिशेब द्यायचा. गेल्या वर्षीचा हिशेब दिला नसेल तर यंदा अडतं. ‘वर्गणीचं काय झालं?’ हा प्रश्न चावडीवर येण्याआधी कागदावर मिटतो, हा त्यातला फायदा.

ठाण्याच्या डॉक्टरांची याचिका

मंडपाच्या परवानगीचं आजचं गणित समजून घ्यायचं तर २०१५ साल आठवावं लागतं. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर जनहित याचिका घेऊन मुंबई हायकोर्टात गेले होते. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने मार्च २०१५मध्ये स्पष्ट केलं की, रस्ते आणि फुटपाथ चालण्यासाठी आणि वाहनांसाठी आहेत. रस्त्यावर मंडप घालणं हा धर्मस्वातंत्र्याचा हक्क होत नाही. वाहतूक आणि पादचारी अडत असतील तर परवानगी देऊ नका, असं महापालिकांना बजावण्यात आलं. सणाआधी महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांनी मंडपांची पाहणी करावी, असंही ठरलं. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

आदेशाचा रोख महापालिकांवर होता, सातपाटीत तर ग्रामपंचायत. पण तत्त्व तेच. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३नुसार सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार पंचायतीलाही आहे.

मित्राच्या मंडळात यावरूनच दोन तट पडलेत. जुने म्हणतात, मंडप वर्षानुवर्षांच्या जागेवरच. तिथून हलवला तर देवाची जागा गेली. नवी पोरं म्हणतात, दहा पावलं मागे सरकू, वाट मोकळी ठेवू. त्यांनी चक्क टेप घेऊन गल्ली मोजली. ‘१०८ची गाडी या मंडपापाशी अडली तर पेशंटला कोण उचलून नेणार? आपणच ना?’ मित्र बैठकीत म्हणाला. यावर कोणी काही बोललं नाही. काकाही नाहीत.

मला विचाराल तर परवानगीचा अर्थ इथे आहे. शिक्का, सही, पावती हे सगळं वरवरचं. आत एकच प्रश्न असतो : आपला उत्सव शेजाऱ्याची वाट अडवतो का? कागद तो प्रश्न चारचौघांत विचारायला लावतो, नाहीतर गावात भीडेखातर तो कोणीच विचारत नाही.

मुंबईतही हाच वाद वेगळ्या भाषेत चालतो. २०२५मध्ये महापालिकेने मंडपासाठी रस्त्यात खड्डा खणला तर दंड २ हजारांवरून १५ हजारांवर नेला आणि मंडळं चिडल्यावर पुन्हा २ हजारांवर आणला. त्याच वर्षी गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. म्हणजे सण सरकारचाही, खड्डा मात्र आपला!

मंडप जातो, मंदिर राहतं

मंडपाला परवानगी तुलनेने सहज मिळते, कारण तो अकराव्या दिवशी निघणार असतो. खरी गंमत सुरू होते ती ‘दर वर्षी मांडव घालण्यापेक्षा इथेच छोटंसं मंदिर बांधून टाकू’ असं कोणी म्हटलं की. चार विटा, एक घुमटी, मग शेड, मग लाद्या. प्रत्येक गावात, प्रत्येक सोसायटीच्या कोपऱ्यात ही स्टोरी आहे.

२९ सप्टेंबर २००९ ही तारीख पाठ करून ठेवा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक रस्ते, बागा, मोकळ्या जागा यांवर धर्माच्या नावाने नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, सगळ्यांना एकच नियम. त्याआधीच्या बांधकामांसाठी राज्य सरकारने ५ मे २०११ रोजी निर्णय काढला आणि तीन वर्ग पाडले : काही नियमित करायची, काही हटवायची, काही दुसरीकडे हलवायची. म्हणजे जुन्या मंदिराला निदान वर्ग आहे. आज रात्री बांधलेल्या मंदिराला तोही नाही.

स्वतःच्या जागेवर बांधायचं म्हटलं तरी दोन गैरसमज हमखास आढळतात. पहिला, ‘ट्रस्ट रजिस्टर आहे म्हणजे मंदिर कायदेशीर.’ नाही! धर्मादाय नोंदणी संस्थेची असते, बांधकामाची परवानगी वेगळी. दुसरा, ‘नमुना ८ला नाव आहे म्हणजे जागा आपली.’ तेही नाही. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. मालकीसाठी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघावं लागतं. गावठाणांत प्रॉपर्टी कार्डच नसायचं, हे कित्येक गावांचं जुनं दुखणं. २०२०मध्ये आलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली ती त्यासाठीच.

सातपाटीसारख्या गावाला तिसरी अट समुद्राची. भरतीरेषेपासून ठराविक अंतरात सीआरझेड लागू होतो. तिथे नवं पक्कं बांधकाम तर अवघडच, जुन्या देवळाचा जीर्णोद्धारही आधी विचारून. किनारा सरकतो, लाटा आत येतात हे कोळ्यांना कोणी शिकवायला नको. तरी नकाशावर ती रेषा कुठून जाते, हे पाया खणण्याआधी बघितलेलं बरं.

विसर्जनाचंही प्लॅनिंग

फाइलचं शेवटचं पान विसर्जनाचं. जुलै २०२५मध्ये हायकोर्टाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. तो आदेश मार्च २०२६पर्यंतचा होता. असे आदेश बदलत राहतात, त्यामुळे मूर्ती ठरवण्याआधी त्या वर्षीचा नियम बघायचा. समुद्र दाराशी असताना तलाव कशाला, असं सातपाटीत वाटणं साहजिक आहे. पण पीओपी पाण्यात लवकर विरघळत नाही, आणि याच समुद्रावर गावाची चूल पेटते. शाडूची मूर्ती घेतली की अर्धं टेन्शन तिथेच संपतं.

तुमच्या मंडळासाठी शॉर्टकट

• आधी जागेचा मालक शोधा, मग अर्ज करा.
• मंडपाच्या नकाशात मोकळ्या वाटेची रुंदी लिहा. अँब्युलन्स आणि अग्निशमन बंब दोन्ही गृहीत धरा.
• गेल्या वर्षीचा हिशेब, ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या सेक्रेटरीला तो फोल्डर द्या!
• वीजजोडणी आणि पोलीस परवानगी यांच्या प्रती मंडपात दर्शनी लावा.
• शेवटच्या आठवड्यावर काही ढकलू नका. तेव्हा सगळ्याच मंडळांना जाग येते.

जाता जाता एक इंटरेस्टिंग गोष्ट. लालबागजवळच्या पेरू चाळीतला बाजार १९३२मध्ये बंद पडला आणि तिथले कोळी व विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४मध्ये लालबागचा राजा बसला. म्हणजे ज्याच्या दर्शनासाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहतात, तो गणपती मुळात कोळ्यांच्या हक्काच्या जागेसाठी आला! त्या लोकांना रीतसर जागेची किंमत बरोबर ठाऊक होती.

सातपाटीतल्या बैठकीत शेवटी काय ठरलं? मंडप दहा पावलं मागे. ठराव झाला, सह्या झाल्या, मित्राने मोबाइलवर फोटो काढला आणि अर्जाला जोडला. सोमवारचं प्रेझेंटेशन अजून बाकी होतं.