मशिदीतल्यांनीच अडवलेला अतिरेक

लोक जितके धार्मिक तितका अतिरेक जास्त, म्हणून मुस्लिमबहुल देशात दहशतवाद आटोक्यात आणायचा तर धर्माला बाजूला सारून पोलिसी बडगाच उगारावा लागतो, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. वीस कोटींहून अधिक मुस्लिम असलेल्या इंडोनेशियाचा अनुभव या समजुतीत बसत नाही. तिथे 1912 साली स्थापन झालेली मुहम्मदिया आणि 1926 सालची नहदलातुल उलामा या दोन संघटनांच्या हजारो शाळा आणि निवासी मदरसे आहेत. त्यांचे सभासद नमाज-रोजे कसोशीने पाळणारे, आणि इस्लामी राज्याची मागणी करणाऱ्यांना धर्माच्याच भाषेत उत्तर देणारेही तेच. 24 डिसेंबर 2000 च्या रात्री जेमा इस्लामिया या दहशतवादी संघटनेने अनेक शहरांतल्या चर्चवर बॉम्बहल्ले घडवले. पूर्व जावातल्या मोजोकेर्तो शहरात एका चर्चच्या पहाऱ्याला नहदलातुल उलामाच्या युवक दलातला रियांतो नावाचा तरुण होता. संशयास्पद पुडकं उचलून तो लोकांपासून दूर घेऊन गेला आणि स्फोटात ठार झाला. त्याला तिथे उभं केलं होतं ते एका धार्मिक संघटनेनेच.

मग पोलिसांचं काम नव्हतंच का? होतं, आणि मोठं होतं. जेमा इस्लामियाने 12 ऑक्टोबर 2002 ला बालीत घडवलेल्या स्फोटांत 202 माणसं मेली आणि त्यानंतर डेन्सस 88 हे विशेष पथक उभं राहिलं. पण आरोपींवर खटले उघड न्यायालयात चालले, कबुलीजबाब जनतेने ऐकले, त्यामुळे हे सगळं परकीयांचं कारस्थान आहे म्हणणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली. तीन मुख्य आरोपींना 2008 मध्ये देहदंड झाला. त्यांतल्या दोघांचा भाऊ अली इम्रॉन याने मात्र पश्चात्ताप व्यक्त केला, त्याला जन्मठेप झाली आणि पुढे तोच कट्टरपंथाविरुद्ध बोलू लागला. जेमा इस्लामियाचा माजी नेता नासिर अब्बासही पोलिसांच्या मदतीला आला. जिहादाचा अर्थ चुकला हे सरकारी अधिकाऱ्याने सांगणं वेगळं आणि कालच्या म्होरक्याने सांगणं वेगळं. जून 2024 मध्ये जेमा इस्लामियाच्या ज्येष्ठ नेत्यांनी संघटना विसर्जित केल्याचं स्वतःच जाहीर केलं. 2018 मध्ये सुराबायात आई-वडिलांनी मुलांसकट चर्चवर आत्मघाती हल्ले केले होते, तेव्हा धोका संपला असं कुणी म्हणू नये. पण एका जुन्या, शिस्तबद्ध जाळ्याने हत्यार खाली ठेवलं, ही गोष्ट लहान नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की या ‘मवाळ’ संघटना खरोखर उदार आहेत का? आक्षेपात तथ्य आहे. जकार्ताचे तत्कालीन ख्रिस्ती गव्हर्नर बासुकी पुर्नामा यांनी धर्मनिंदा केल्याचा निवाडा देणाऱ्या उलेमा परिषदेचे प्रमुख मारूफ अमीन होते, आणि तेच तेव्हा नहदलातुल उलामाचे सर्वोच्च धर्मगुरूही होते. 2017 मध्ये बासुकींना दोन वर्षांची कैद झाली. 1965-66 मधल्या कम्युनिस्टांच्या कत्तलीत नहदलातुल उलामाच्याच युवक शाखेचा हात होता. म्हणजे बॉम्ब नाकारणं आणि अल्पसंख्याकांना बरोबरीचं नागरिक मानणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात इंडोनेशियाने बरीच मजल मारली. दुसऱ्यात 2019 मध्ये नहदलातुल उलामाच्या परिषदेने बिगरमुस्लिम नागरिकांना ‘काफिर’ म्हणू नये असं ठरवलं, हे खरंच. धर्मनिंदेचा 1965 चा कायदा मात्र 2010 मध्ये घटना न्यायालयाने वैध ठरवला, आणि तो रद्द होऊ नये म्हणून उभ्या राहिलेल्यांत या दोन्ही संघटना होत्या.