बटणांचं वाद्य, पायांवर नजर

गणपतीच्या आधी बेंजोवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावरच्या एका खोलीत मी एका बेंजो पार्टीच्या तालमीला जाऊन बसलो.

वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली आणि तैशोगोतो तयार झालं. भारतात त्याचं बुलबुल तरंग झालं. मुंबईत पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, तो बेंजो. 2016 साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा सिनेमाही काढला.

मला मात्र त्या बटणांनी खिळवून ठेवलं. डाव्या हाताने बटण दाबलं की पट्टी तारेला खाली टेकवते, उजव्या हातातला पिक तार छेडतो. बोट तारेला लागतच नाही. म्हणून सतारीसारखी मींड नाही. सूर टिकवायचा तर त्याच जागी पिक भरभर फिरवत राहायचं. बेंजोचा तो खणखणाट यातूनच आलाय. आयर्लंडच्या नाचाच्या संगीतातही बॅन्जो असतो. चार तारांचा, घडण अगदी निराळी, पण त्याचाही सूर चटकन विरतो, म्हणून वादक एका सुराच्या जागी तीन भरतात. तिथला जिग सहाच्या ठेक्यावर उसळतो, आपली कोळीगीतं उसळतात तशीच. फिडल, बासरी, बॅन्जो सगळे मिळून एकच चाल धरतात, तिचा प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. चाल बांधलेलीच असते नाचणाऱ्यांच्या पावलांवर.

तालमीतला बेंजोवादक नंतर वेसाव्यात एका हळदीला भेटला. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला बेंजो, बोटं बटणांवर, नजर सगळा वेळ समोरच्या पायांवर. आज्या नाचायला उतरल्या तशी त्याने लय अलगद खाली आणली. कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात तारा गंजतात, बटणांच्या स्प्रिंगा अडकतात, दुरुस्ती त्याची तोच करतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालच्या नियमांचा दंडक त्याला मान्य आहे. आजारी माणसाला झोप हवीच. पण दहाच्या आतली सुपारीही आता डीजेकडे जाते. तिथे एका माणसावर भागतं, बेंजो पार्टीत दहा-बारा घरं पोसायची असतात. मला याची काळजी वाटते.

असल्फ्याच्या तालमीतल्या सगळ्यात लहान मुलाच्या हाताखाली कीबोर्ड होता. चाली त्याच, वर मींडही सुरेख निघत होती. नजर स्क्रीनवर होती.